वाड्याने दिलेले तारे

लोकांसमोर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते. इथे 'तो' म्हणणार आहे. लिहितानासुद्धा 'अहो' म्हणत बसले तर रागावता येणार नाही, आणि मला रागवायचं आहे. फक्त कुणावर, ते अजून नीट ठरत नाही.

आम्ही चोपड्याला राहतो, नदीच्या बाजूला. माझं माहेर साखळीचं. लग्न ठरलं तेव्हा माहेरी सगळे म्हणाले, मुलगा चांगला आहे पण बोलतो फार. खरंच फार बोलायचा. डिचोलीला एका खाणीच्या ऑफिसात तो कॉम्प्युटर सांभाळायचा. तिथून घरी यायला त्याला वेळ लागायचा तो रस्त्यामुळे नव्हे, वाटेत भेटणाऱ्या माणसांमुळे. तिठ्यावर एक, पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे दुसरा, पाव थंड होईपर्यंत गप्पा. मी चिडायचे. आता ती चिडचिड आठवली की स्वतःचंच नवल वाटतं.

पुढे खाणी बंद झाल्या आणि ऑफिसही गेलं. त्याने घरी बसून शाळांच्या, देवळांच्या, दुकानांच्या वेबसाइट करून द्यायला सुरुवात केली. माझी प्राथमिक शाळेतली नोकरी होती, त्यामुळे चूल पेटती राहिली. मग एके दिवशी घसा बसला तो सुटेचना. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात तपासलं. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले, आणि काढलं. जीव वाचला. गळ्याला श्वासासाठी भोक राहिलं, त्यावर तो पातळ कापड बांधतो. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. ते लावून तो एकदा घरात बोलला, तेव्हा आमचा कुत्रा, जो त्याच्या पायात झोपतो, उठून भुंकायला लागला. त्याने यंत्र कपाटात ठेवलं ते ठेवलंच. तेव्हापासून लहान मुलांसाठी मिळते तसल्या पांढऱ्या पाटीवर मार्करने लिहून बोलतो.

पाटीवर गप्पा होत नाहीत. समोरच्याला तुमचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं लागतं, आणि माणसं थांबत नाहीत. आधी ती जोरजोरात बोलतात, जसा काही तो बहिरा झालाय. मग ती माझ्याशी बोलतात आणि त्याच्याकडे बघून नुसतं हसतात. सहा महिन्यांत तो तिठ्यावर जायचा थांबला. पावही मीच आणू लागले.

या दिवसांत त्याने तो प्लगइन केला. प्लगइन म्हणजे काय ते मला त्याने पाटीवर असं सांगितलं होतं: वेबसाइट हे घर, प्लगइन म्हणजे बाहेरून आणून बसवलेला पंखा, घर दुसऱ्याचं, वारा आपला. त्याचा प्लगइन तिथी दाखवायचा. देवळाच्या, मंडळाच्या, गावोगावच्या छोट्या वर्तमानपत्रांच्या वेबसाइटवर तो बसवला की कोपऱ्यात मराठीत महिना, पक्ष, तिथी, सणवार दिसायचं. दर वर्षी पाडव्याच्या आधी तो नवीन वर्षाच्या तिथ्या भरायचा, दोन पंचांगं पुढ्यात ठेवून. दोन्हींचं जुळलं नाही की दिवसभर कपाळाला आठ्या. फुकट होता तो. जगभरचे प्लगइन जिथे यादीला लावलेले असतात अशा एका मोठ्या संकेतस्थळावर त्याने तो ठेवला होता, कोणीही उचलून न्यावा.

त्या संकेतस्थळावर प्रत्येक प्लगइनखाली वापरणाऱ्यांची मतं असतात. एक ते पाच तारे आणि खाली दोन ओळी. आणि बनवणाऱ्याला प्रत्येक मताला उत्तर देता येतं.

ही उत्तरं म्हणजेच त्याचा तिठा झाला. मी हे थट्टेने नाही म्हणत. सकाळी चहा घेऊन बसला की आधी मतं उघडायची. बेळगावचं कुठलं तरी मंडळ लिहायचं, 'छान आहे, पण अक्षर बारीक दिसतं.' हा लगेच उत्तर लिहायचा, अक्षर मोठं कसं करायचं ते सांगायचा, वर त्यांच्या गणपतीची चौकशी करायचा. तिकडून उत्तर यायचं. पुन्हा हा. तिथे त्याच्याकडे बघून कोणी नुसतं हसत नव्हतं, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कोणी उठून जात नव्हतं. तिथे सगळेच मुके होते म्हणा ना, सगळे लिहूनच बोलायचे. त्यामुळे तो पुन्हा पूर्वीसारखा आगाऊ झाला, विनोद करायला लागला. मी स्वयंपाकघरातून बघायचे. त्याचे खांदे हलत असले की समजायचं, हसतोय. आवाज नव्हता, पण हसतोय.

मतांची किंमत किती असते हे मी त्या दिवसांत शिकले. पाच ताऱ्यांचं 'उत्तम' तो वाचून सोडून द्यायचा. त्याला एक तारा पाहिजे असायचा. पाटीवर म्हणायचा, चांगलं म्हणणारा निघून जातो, वाईट म्हणणारा दारात उभा राहतो. त्याच्याशी बोलता येतं. अमेरिकेतल्या एका माणसाने एक तारा दिला होता: 'एकादशी एक दिवस उशिरा दाखवली. आईचा उपास चुकला. बेकार.' मला संताप आला. फुकटचं वापरायचं आणि वर अकलेचे तारे तोडायचे! नवरा मात्र खूश. आपला सूर्योदय वेगळा आणि तिकडचा वेगळा, तिथी सूर्योदयावर ठरते, हे आपल्या लक्षातच आलं नाही, असं त्याने पाटी भरून मला समजावलं. आठवडाभर खपून त्याने प्लगइनमध्ये गाव निवडायची सोय केली आणि त्या माणसाला लिहिलं, आईंना माझा नमस्कार सांगा, पुढची एकादशी चुकणार नाही. त्या माणसाने एकाचे चार तारे केले. पाच नाही केले. चारच. नवऱ्याला तेच आवडलं. म्हणाला, माणूस खरा आहे.

मग एक मत आलं ते वेगळं होतं. कुणीतरी कुठलीशी अडचण आली म्हणून फोन नंबर मागितला होता. याने नेहमीप्रमाणे लिहिलं, मी लेखी मदत करतो. त्या माणसाने पुन्हा मागितला, याने पुन्हा तेच. मग त्याने एक तारा देऊन लिहिलं: 'बनवणारा फोनवर बोलायला तयार नाही. ज्याला आवाज लपवावा लागतो तो माणूस कसला आहे देव जाणे. याचं काही आपल्या वेबसाइटवर लावू नका.'

त्या दिवशी त्याने उत्तर लिहिलं नाही. लिहायला बसायचा, पुसायचा. मी म्हटलं, सांगून टाका ना, ऑपरेशन झालंय म्हणून. त्याने नकारार्थी मान हलवली. तिथे तो आजारी नव्हता, हे मला तेव्हा कळलं. साऱ्या जगात तेवढी एकच जागा उरली होती जिथे तो धडधाकट होता. ती त्याला घालवायची नव्हती. दोन दिवस जेवण नीट गेलं नाही त्याला, ताटात बोटं फिरवून उठायचा.

संध्याकाळी आमच्या बल्कांवात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या सोप्यावर, वाड्यावरचे आबा येऊन बसतात. वाडा म्हणजे आमच्याकडे वस्ती, दहा-बारा घरांची. आबा त्यातले सगळ्यात वयस्कर. देवळात आणि वाड्यावर कुणाच्याही घरी काही असलं की गाऱ्हाणं तेच घालतात. गाऱ्हाणं ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: एक जण उभा राहून देवाला सगळ्यांच्या वतीने सांगतो, या लेकराचं बरं कर, आलेलं विघ्न परत लाव, आणि दर वाक्याला बाकीचे एका तोंडाने म्हणतात, "व्हय म्हाराजा." त्यात कुणी आपलं वेगळं बोलायचं नसतं. सगळ्यांच्या तोंडून तेच निघालं पाहिजे, तर ते देवाला पोचतं.

गाव याच्याशी बोलायचा थांबला तरी आबा थांबले नव्हते. पाटीवर लिहून होईपर्यंत ते विडी विझवून शांत बसायचे. (त्याच्यासमोर ते विडी ओढत नाहीत, आल्यावर विझवतात.) त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "वहिनी, ह्याचा तोंड असा कित्याक उतारला?"

मी सांगितलं. तारे काय असतात, मतं काय असतात, त्या माणसाने काय लिहिलं. आबांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे हो बोलना नाय म्हणान ह्याका लबाड म्हटल्यान?"

"तसंच."

"आणि ता सगळ्यांका दिसता?"

"जगाला दिसतं."

आबा उठले. उठताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एकान वायट म्हटला म्हणान काय जाला? आमी इतकी माणसा आसव मगे." तो हसला. मीही हसले. म्हातारा माणूस धीर देतोय, एवढंच वाटलं.

पुढच्याच आठवड्यात आम्हाला तपासणीसाठी बांबोळीला जायचं होतं. किल्ली नेहमीप्रमाणे शेजारच्या काकीकडे दिली, कुत्र्याला भात घालायला. शिवोलीच्या पुलावरून परत येईतो संध्याकाळ झाली. गाडी वळली तर आमच्या दारात चपलांचा ढीग. दारात इतक्या चपला दिसल्या की आमच्याकडे एकच अर्थ होतो, कुणीतरी गेलं. मग दिसलं की सगळे हसतायत. बल्कांवात अख्खा वाडा बसला होता, मासे विकून आलेल्या बायका, शेतावरून आलेले पुरुष, हातात मोबाइल. काकीने आमच्याच चुलीवर चहा केला होता, सोबत उंडे, आमच्याकडचे गोल पाव.

काकीची सून म्हापशाला ऑफिसात काम करते, शिकलेली आहे. तिने प्रत्येकाच्या नावाने त्या संकेतस्थळावर खातं उघडून दिलं होतं. आबा मध्ये उभे राहून बोलले होते आणि सगळ्यांनी शब्द न् शब्द तसाच उतरवून घेतला होता. ज्यांना टाइप करता येत नव्हतं त्यांचं सुनेने केलं. सगळं आमच्याच घरच्या वायफायवरून. त्याचा पासवर्ड वाड्यावर सगळ्यांना पाठ आहे, तो त्यानेच पूर्वी दिला होता.

काकीने मोबाइल माझ्यापुढे धरला. प्लगइनखाली पाच-पाच ताऱ्यांची रांग लागली होती आणि प्रत्येकाखाली तेच: 'हो मनीस खरो. ह्याचा काम खरा. ह्याका जो कोण वायट म्हणता तेका बरी बुद्धी येव. ह्याचा बरा जाव.'

मला रडू आलं. सरळ सांगते, आनंदाने आलं. ज्या लोकांवर मी इतकी वर्षं मनातल्या मनात दात खात होते, जे माझ्या नवऱ्याकडे बघून नुसतं हसायचे, ते कामावरून घरी न जाता इथे येऊन बसले होते. मी वळून त्याच्याकडे पाहिलं.

तो मोबाइलवर खाली-खाली जात होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, प्रवासाने. मग त्याने मोबाइल काकीला परत दिला, सगळ्यांकडे वळला आणि हात जोडले. एकेकाकडे बघून जोडले. आबांच्या पाया पडला. चहा घेतला, उंडा बुडवून खाल्ला. माणसं खूश होऊन घरी गेली. सगळे गेल्यावर त्याने पाटी घेतली आणि लिहिलं: 'संपलं.'

मला समजलं नाही. त्याने समजावलं नाही. दोन-तीन दिवसांत त्या संकेतस्थळाकडून पत्र आलं, ईमेल, तेव्हा समजलं. एकाच जागेवरून, एकाच दिवशी, एकाच मजकुराची मतं टाकली गेली आहेत. ती जागा बनवणाऱ्याचीच आहे. ही खोटी मतं आहेत. ती काढून टाकली आहेत, प्लगइन यादीतून बंद केला आहे, बनवणाऱ्याचं खातंही बंद केलं आहे.

म्हणजे ज्याने त्याला लबाड म्हटलं होतं, तो खरा ठरला.

त्याने उत्तर लिहिलं. मी इतकं लांब उत्तर त्याला कधी लिहिताना पाहिलं नव्हतं. ऑपरेशनचंही लिहिलं, जे इतके दिवस लपवलं होतं ते. हे माझे शेजारी आहेत, त्यांना मी सांगितलं नव्हतं, आमच्या गावात एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी तेच म्हणायचं ही रीत आहे, त्यात फसवणूक नाही. इंग्रजीत गाऱ्हाणं समजावताना त्याची फार तारांबळ झाली. 'व्हय म्हाराजा'ला काय म्हणायचं म्हणून त्याने मला विचारलं. मलाही आलं नाही.

तिकडून उत्तर सभ्य होतं. तुमच्या प्रकृतीबद्दल वाईट वाटलं. पण मत फक्त वापरणाऱ्याने द्यायचं असतं. या लोकांपैकी कुणी तुमचा प्लगइन वापरला आहे का?

नव्हता. कुणाकडेच वेबसाइट नव्हती. काकीला तर वेबसाइट काय ते आजही माहीत नाही. नियम बरोबर होता, आणि हेच मला सहन होत नाही. तिकडचा माणूस चुकीचा असता तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. आबा वाईट असते तर त्यांचं येणं बंद केलं असतं. कुणाचीच चूक नाही आणि माझ्या नवऱ्याचा आवाज दुसऱ्यांदा गेला. पहिल्यांदा निदान डॉक्टरांनी आधी विचारलं होतं.

त्यानंतरचं लिहिण्यासारखं फार नाही. सकाळी चहा घेऊन तो सवयीने लॅपटॉप उघडतो, पान येतं, 'हा प्लगइन बंद करण्यात आला आहे.' बंद करतो. पाटीसुद्धा कमी वापरतो. मीठ हवं असेल तर बोट दाखवतो. मी शाळेतून येते तेव्हा तो नदीकडे तोंड करून बसलेला असतो, कुत्रा पायात. पाडवा आला तेव्हा पंचांगं आणली नाहीत. ज्यांच्या वेबसाइटवर तो प्लगइन बसवलेला होता तिथे तिथीची जागा रिकामी पडली.

आबा येतातच. विडी विझवतात, बसतात. आल्यावर विचारतात, "मगे, आता कोण वायट म्हणना नाय मा?" तो मान हलवतो. मला प्रत्येक वेळी वाटतं, सांगून टाकावं. तुम्ही काय करून ठेवलंत ते तुम्हाला कळू दे. तोंडाशी येतं, अगदी ओठांवर. तो माझ्याकडे नुसतं बघतो आणि मी कुत्र्याचा भात कालवायला लागते.

परवा शाळेला सुट्टी होती. दुपार कलल्यावर त्याने मला हाक मारावी तशी टेबलावर थाप मारली. कितीतरी दिवसांनी त्याला मला काही दाखवायचं होतं. वेबसाइट करणाऱ्या मराठी माणसांचं चर्चेचं एक पान होतं, त्या संकेतस्थळाचा त्याच्याशी संबंध नाही. कुणीतरी विचारलं होतं, तिथीचा तो प्लगइन बंद झालाय, बनवणारा कुठे आहे? खाली एकाने लिहिलं होतं, 'बहुतेक वारला. पूर्वी सकाळी विचारलं की दुपारच्या आत उत्तर यायचं.' त्याखाली त्या अमेरिकेतल्या माणसाने लिहिलं होतं, 'वाईट वाटलं. चांगला माणूस होता. माझ्या आईची चौकशी करायचा.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो तर इथे बसलाय, माझ्यासमोर, दुपारची पेज पोटात आहे त्याच्या! मी फोन उचलला. म्हटलं, "मी लिहिते. माझ्या नावाने लिहिते. तुम्ही जिवंत आहात म्हणून कळवते त्यांना."

त्याने माझं मनगट धरलं. पाटी ओढली आणि लिहिलं: 'मग बंद का पडला ते विचारतील. शोधतील. लबाडी केली म्हणून, असं समजेल.' मी वाचलं. त्याने पुसून पुन्हा लिहिलं: 'नाही तर आबांचं नाव घ्यावं लागेल. एक ना एक दिवस ते त्यांच्या कानावर येईल.' पुन्हा पुसलं. 'असू दे. चांगलं लिहिलंय.'

तो प्रत्येक मताला उत्तर देणारा माणूस. त्याने ते पान तसंच मिटलं.

तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या. आबा आले होते. विडी भिंतीला घासून विझवली, टेकले आणि लॅपटॉपकडे बोट दाखवून त्यांनी त्याला विचारलं, "आता किती तारे रे?"

त्याने हात वर केला आणि पाचही बोटं उघडून दाखवली.

आबांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. "बरा जाला," ते म्हणाले, "आमच्या हातान इतका तरी जाला." मग खात्री करून घ्यावी तसे ते माझ्याकडे वळले, "खरा मगे, वहिनी?"

मी "हो" म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.